हातचे तीन

छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणी अपूर्णांक चुकीचा वाचला की स्वस्थ बसवत नाही. गेल्या वसंतात मी मुलीकडे पेनसिल्व्हेनियात राहायला गेलो होतो. फिलाडेल्फिया तिथून तासाभराच्या अंतरावर आहे आणि माझी नात तिथे आठवीत शिकते. एके संध्याकाळी तिच्या इतिहासाच्या गृहपाठात प्रश्न होता की ‘तीन-पंचमांश तडजोड’ म्हणजे काय. तिने उत्तर लिहून ठेवले होते की गुलाम हा पूर्ण माणूस नसून साठ टक्के माणूस आहे, असे अमेरिकेच्या राज्यघटनेने ठरवले होते. मग वही माझ्यापुढे सरकवून तिने विचारले, “आबा, तीन-पंचमांश म्हणजे साठ टक्केच ना? हिशोब बरोबर आहे?”

हिशोब बरोबर होता. वाचन चुकले होते, आणि तिला दोष देण्याची सोय नव्हती, कारण हेच वाक्य मीही अपूर्णांकाच्या तासाला वर्गाला जाग यावी म्हणून अनेक वर्षे सांगत आलो होतो. त्या रात्री मी घटनेचा मूळ मजकूर काढून वाचला आणि पुढचे कित्येक दिवस १७९० च्या खानेसुमारीचे आकडे घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर भागाकार करत बसलो.

घटनेच्या पहिल्या कलमाच्या दुसऱ्या विभागात म्हटले आहे की प्रतिनिधिगृहातील जागा आणि प्रत्यक्ष कर यांची राज्यांमध्ये वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात होईल. ही लोकसंख्या काढताना सर्व स्वतंत्र व्यक्ती मोजायच्या, ठरावीक वर्षांच्या कराराने बांधलेले चाकरही त्यातच धरायचे, कर न भरणारे मूळ रहिवासी वगळायचे, आणि त्यात ‘इतर सर्व व्यक्तीं’चे तीन-पंचमांश मिळवायचे. ‘गुलाम’ हा शब्द इथे नाही. १७८७ च्या मूळ घटनेत तो कुठेच नाही. आफ्रिकेतून माणसे आणण्याच्या व्यापाराला १८०८ पर्यंत अभय देणारे कलम त्यांना ‘अशा व्यक्ती’ म्हणते, आणि पळालेल्यांना मालकाच्या हवाली करण्याचे कलम ‘सेवेस किंवा श्रमास बांधलेली व्यक्ती’ म्हणते. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन ही घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात म्हणालाच होता की माणसांत मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत मान्य करणे चुकीचे ठरेल. कल्पना नको होती, व्यवस्था मात्र हवी होती. म्हणून शब्द गाळला आणि अपूर्णांक ठेवला.

हा अपूर्णांक एकेका माणसाला लावलेला नाही, त्यांच्या एकूण संख्येला लावलेला आहे. गणिताच्या दृष्टीने फरक शून्य, पण प्रश्न कोणाच्या फायद्याचा हे त्यातून दिसते. गुलामांना पूर्ण मोजा असा आग्रह कोणाचा होता, हे नातीला विचारले तर ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, “त्यांच्या बाजूच्या लोकांचा.” वस्तुस्थिती नेमकी उलट होती. पूर्ण मोजा म्हणणारे होते साउथ कॅरोलायनाचे पियर्स बटलर आणि चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी, दोघेही गुलामांचे धनी. अजिबात मोजू नका म्हणणाऱ्यांत गुलामगिरीचा मनापासून तिटकारा असलेले लोक होते. गुलामाला पाच-पंचमांश धरले असते तर त्याला मताचा तुकडाही मिळाला नसता आणि त्याच्या मालकाच्या राज्याचे वजन मात्र तेवढे वाढले असते.

या अपूर्णांकाचा जन्म प्रतिनिधित्वाच्या चर्चेत झाला नव्हता, करवसुलीच्या चर्चेत झाला होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, जुलै १७७६ मध्ये, युद्धाचा खर्च राज्यांनी कसा वाटून घ्यावा यावर काँग्रेसमध्ये वाद चालू होता. लोकसंख्येवर वाटायचा तर गुलाम मोजायचे का? साउथ कॅरोलायनाचे थॉमस लिंच म्हणाले की गुलाम ही आमची मालमत्ता आहे, मग जमीन, मेंढ्या, गुरे आणि घोडे यांच्याहून अधिक कर त्यांच्यावर कशासाठी? त्यावर बेंजामिन फ्रँकलिन यांनी उत्तर दिले की गुलामांत आणि मेंढ्यांत काहीतरी फरक आहे, कारण मेंढ्या कधी बंड करत नाहीत. पुढे १७८३ मध्ये कर लोकसंख्येवर बसवण्याचा प्रस्ताव पुन्हा आला, तेव्हा उत्तरेकडचे लोक गुलामांचा वाटा जास्त धरा म्हणत होते आणि दक्षिणेकडचे कमी धरा म्हणून घासाघीस करत होते. शेवटी मॅडिसनने तीन-पंचमांश सुचवले. सर्व राज्यांची संमती न मिळाल्याने तो प्रस्ताव बारगळला, पण अपूर्णांक कागदावर उरला.

चार वर्षांनी फिलाडेल्फियात त्याच सभागृहात जागावाटपाचा प्रश्न निघाला आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या जागा बदलल्या. कर द्यायचा होता तेव्हा जे गुरेमेंढरे होते, ते जागा घ्यायच्या वेळी एकाएकी रहिवासी झाले. आपल्याकडे भावकीच्या वाटणीत असे बैल आणि विहिरींच्या बाबतीत घडताना मी पाहिले आहे, माणसांच्या बाबतीत नाही. ११ जून १७८७ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी तो जुना अपूर्णांक जसाच्या तसा उचलून मांडला. मॅसॅच्युसेट्सचे एल्ब्रिज गेरी यांनी लगेच विचारले की दक्षिणेत काळे लोक मालमत्ता आहेत, उत्तरेत घोडे आणि गुरे ज्या कामाला लावतात त्याच कामाला ते तिथे लावले जातात, तर मग उत्तरेच्या घोड्यागुरांना प्रतिनिधित्व का नको? न्यू जर्सीचे विल्यम पॅटरसन यांचा मुद्दा मला अधिक अचूक वाटतो. ते म्हणाले की ज्या राज्यांत हे गुलाम आहेत त्या राज्यांच्या स्वतःच्या विधिमंडळांत त्यांना प्रतिनिधित्व नाही, मग ते राष्ट्राच्या सभागृहात कशासाठी? ११ जुलैला गुलामांना गोऱ्यांच्या बरोबरीने मोजण्याची सूचना मताला आली. तिला डेलावेअर, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या तीनच राज्यांनी पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाचे विल्यम डेव्ही यांनी बजावले की निदान तीन-पंचमांश धरले नाहीत तर आमचे राज्य या संघात येणार नाही. त्या धमकीनंतर अपूर्णांक पक्का झाला.

त्या उन्हाळ्यातले एक भाषण मात्र मी दोनतीनदा वाचले. ८ ऑगस्टला पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मॉरिस उभे राहिले. त्यांचे नावच गव्हर्नर होते, हुद्दा नव्हे, आणि त्यांचा एक पाय लाकडी होता. त्यांनी विचारले की गुलाम कोणत्या तत्त्वावर मोजायचे? ते माणसे असतील तर त्यांना नागरिक करा आणि मत देऊ द्या. मालमत्ता असतील तर मग दुसरी कोणतीच मालमत्ता का मोजत नाही? या शहरातली घरे साउथ कॅरोलायनाच्या भाताच्या दलदलीतल्या सगळ्या अभागी गुलामांपेक्षा अधिक किमतीची आहेत. आणि पुढे त्यांनी खरा मर्म सांगितला: जॉर्जियाचा किंवा कॅरोलायनाचा जो माणूस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन माणसांना त्यांच्या जिवलगांपासून ओढून आणतो, त्याला मानवी हक्कांच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या सरकारात अधिक मते मिळतील, आणि या व्यवहाराकडे शिसारीने पाहणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या नागरिकाला कमी. मॉरिस यांनी ‘रहिवासी’ या शब्दाआधी ‘स्वतंत्र’ हा शब्द घालण्याची सूचना मांडली. तिच्या बाजूने एकट्या न्यू जर्सीने मत दिले. दहा राज्ये विरोधात गेली, त्यांत मॉरिस यांचे स्वतःचे राज्यही होते. पुढच्या महिन्यात घटनेच्या भाषेवर अखेरचा हात फिरवण्याचे काम याच मॉरिस यांच्याकडे आले. ‘आम्ही लोक’ ही सुरुवात त्यांच्या लेखणीची आहे, आणि सही करणाऱ्या ३९ जणांत तेही आहेत.

आता भागाकार. १७९० च्या खानेसुमारीत व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१० होती आणि त्यांपैकी २,९२,६२७ गुलाम होते. म्हणजे स्वतंत्र माणसे ४,५४,९८३. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात एकूण ४,३४,३७३ लोक आणि त्यांत ३,७३७ गुलाम; स्वतंत्र माणसे ४,३०,६३६. दोन्ही राज्यांतली स्वतंत्र माणसे जवळजवळ सारखीच. दर ३३,००० लोकांमागे एक प्रतिनिधी असे त्या वेळी ठरले. पेनसिल्व्हेनियाला १३ जागा मिळाल्या. व्हर्जिनियाच्या बेरजेत गुलामांचे तीन-पंचमांश, म्हणजे सुमारे १,७५,५७६ मिळवले की आकडा ६,३०,५५९ होतो आणि जागा होतात १९. गुलाम वगळून भागाकार केला तर व्हर्जिनियालाही १३ च येतात. मेन धरून मॅसॅच्युसेट्सची लोकसंख्या ४,७५,३२७ होती, गुलाम एकही नव्हता. म्हणजे व्हर्जिनियापेक्षा स्वतंत्र माणसे जास्त, आणि जागा पाच कमी, १४.

ही सहा जागांची वाढ कागदावर लिहिली तेव्हा मला शाळेतला ‘हातचा’ आठवला. बेरीज करताना हातचा अंक उत्तराच्या ओळीत लिहीत नाहीत. तो वरच्या बाजूला बारीक अक्षरात ठेवतात आणि पुढच्या घरात तो मिळवला जातो. उत्तर वाचणाऱ्याला तो दिसत नाही. व्हर्जिनियाच्या १९ प्रतिनिधींची नावे वाचणाऱ्यालाही ते पावणेतीन लाखांहून अधिक लोक दिसत नाहीत, पण त्यांच्याशिवाय ते १९ होत नाहीत. दर पाचांमागे हातचे तीन.

(जाता जाता एक गंमत. या जागावाटपाच्या पहिल्या विधेयकात भागाकाराची मोठी बाकी उरलेल्या राज्यांना एकेक जादा जागा देऊ केली होती, आणि त्याचा फायदा मुख्यतः उत्तरेला होणार होता. एप्रिल १७९२ मध्ये अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी आपले परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्या सल्ल्याने ते विधेयक परत पाठवले. अमेरिकेच्या इतिहासातला अध्यक्षांचा पहिला नकाराधिकार हा असा भागाकाराच्या बाकीवरून वापरला गेला. तेही व्हर्जिनियाचे, हेही व्हर्जिनियाचे.)

या सौद्याची दुसरी बाजू होती प्रत्यक्ष कर. जागा जास्त मिळतात तर कराचा बोजाही जास्त उचलावा लागेल, असे उत्तरेतल्या मतदारांना समजावण्यात आले. प्रत्यक्षात असा कर संघराज्याने १७९८ मध्ये, १८१२ च्या ब्रिटनविरुद्धच्या युद्धापायी १८१३ ते १८१६ दरम्यान तीनदा आणि मग १८६१ मध्ये बसवला. एरवी तिजोरी बंदरांवरच्या जकातीवर चालली. जागा मात्र दर अधिवेशनात, दर मतदानात, दर दिवशी होत्या. मॅडिसनने १७८८ मध्ये वृत्तपत्रीय लेखांत या कलमाचा बचाव केला तोही आडून, एका कल्पित दाक्षिणात्याच्या तोंडून: कायदाच गुलामाला काही बाबतींत व्यक्ती आणि काही बाबतींत मालमत्ता मानतो, म्हणून मोजणीतही तो मिश्र. आणि शेवटी त्याने कबूल केले की हा युक्तिवाद काही ठिकाणी थोडा ताणलेला वाटेल. इतका प्रामाणिकपणा वकिलाला परवडत नाही. त्याला तो परवडला, कारण अपूर्णांक आधीच पदरात पडला होता.

प्रतिनिधिगृहाची हीच बेरीज अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिरली. १९ जुलै १७८७ रोजी अध्यक्ष थेट जनतेने निवडावा का यावर चर्चा चालू असताना मॅडिसन म्हणाला की तत्त्वतः जनतेने निवडणे सर्वांत योग्य, पण एक गंभीर अडचण आहे: मताधिकार दक्षिणेपेक्षा उत्तरेत अधिक पसरलेला आहे, आणि नीग्रोंच्या संख्येचा निवडणुकीत दक्षिणेला काहीच उपयोग होणार नाही. उपाय म्हणून निर्वाचक मंडळ पुढे आले. प्रत्येक राज्याला प्रतिनिधी जितके, अधिक सिनेटर दोन, तितके निर्वाचक, आणि अध्यक्ष निवडायचा त्यांनी. मंडळ याच एका कारणासाठी झाले असे मी म्हणणार नाही. छोट्या राज्यांची काळजी होती, एवढ्या मोठ्या देशात लोक उमेदवारांना ओळखतील का ही शंकाही होती. पण हातचे तीन तिथेही मिळवले गेले हे खरे. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन यांना ७३ आणि जॉन ॲडम्स यांना ६५ मते पडली. गुलामांच्या मोजणीतून आलेल्या निर्वाचकांची दक्षिणेतली संख्या माझ्या भागाकारात डझनभर भरते, आणि त्यांतले बहुतेक जेफरसन यांच्या बाजूचे होते. ती मते काढली तर ॲडम्स पुढे जातात. त्या निवडणुकीत न्यूयॉर्कचे विधिमंडळ फिरले, पेनसिल्व्हेनियाने आपली मते आठ-सात अशी वाटली, अशी इतरही कारणे होती. तरी ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये जेफरसन यांना ‘नीग्रो अध्यक्ष’ म्हणून हिणवत, ते या बेरजेमुळे. १७८९ पासून १८२५ पर्यंतच्या ३६ वर्षांत व्हर्जिनियाचा अध्यक्ष नव्हता अशी वर्षे फक्त चार.

त्याचे पडसाद पुढे बराच काळ उमटत राहिले. १८१४ च्या डिसेंबरात न्यू इंग्लंडचे संघराज्यवादी, म्हणजे ॲडम्स यांच्या पक्षाचे लोक, हार्टफर्डला जमले. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांत पहिलीच ही होती की जागा फक्त स्वतंत्र माणसांच्या संख्येवर द्याव्यात. पण युद्ध संपले, न्यू ऑर्लिन्सचा विजय झाला आणि ती मंडळी हास्यास्पद ठरली. १८१९ मध्ये मिसुरीला गुलाम राज्य म्हणून संघात घ्यायचे का हा प्रश्न आला तेव्हा न्यूयॉर्कचे रूफस किंग सिनेटमध्ये म्हणाले की तीन-पंचमांशांचा सौदा मूळ राज्यांशी झाला होता, तो प्रत्येक नव्या राज्याबरोबर पश्चिमेकडे पसरत जावा असा त्याचा अर्थ नव्हता. किंग १७८७ च्या अधिवेशनात स्वतः बसलेले होते, त्यामुळे हा मुद्दा दक्षिणेला ऐकायला बरा वाटत नव्हता. एव्हाना उत्तरेची लोकसंख्या एवढी वाढली होती की हातचे धरूनही प्रतिनिधिगृह दक्षिणेच्या हातातून निसटत होते. म्हणून तिने सिनेट धरली, आणि गुलामगिरी नसलेल्या मेनच्या बदल्यात गुलाम राज्य मिसुरी हा व्यवहार झाला.

पण प्रतिनिधित्व या शब्दाचा तळ मला एका वेगळ्याच प्रसंगात दिसला. फेब्रुवारी १८३७ मध्ये माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स प्रतिनिधिगृहाचे साधे सदस्य होते. वडिलांचा पराभव ज्या बेरजेने झाला तीच बेरीज आता त्यांच्यासमोर रोज बसत होती. गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेला घ्यायचेच नाहीत असा नियम सभागृहाने आदल्या वर्षी केला होता. ॲडम्स यांनी सभापतींना विचारले की माझ्याकडे गुलामांनी केला आहे असे म्हणणारा एक अर्ज आहे, तो या नियमात बसतो का? सभागृहात एकच गदारोळ उठला. त्यांची निर्भर्त्सना करा, त्यांना हाकला, अशा मागण्या झाल्या. मग ॲडम्स यांनी शांतपणे सांगितले की अर्जात गुलामगिरी नष्ट करा असे म्हटलेलेच नाही, उलट तिच्या बाजूने लिहिले आहे. बहुधा कोणी त्यांची चेष्टा करायला तो धाडला होता आणि चेष्टा पाठवणाऱ्यांच्याच अंगावर उलटली. तरीही सभागृहाने ठराव केला की घटनेने लोकांना दिलेला अर्ज करण्याचा हक्क गुलामांना नाही. हा ठराव संमत करणाऱ्यांतले कितीतरी सदस्य ज्या खुर्च्यांवर बसले होते, त्या खुर्च्या त्याच गुलामांना मोजून आलेल्या होत्या.

फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः मेरीलँडच्या गुलामगिरीतून पळाला होता, त्याने १८६० मध्ये ग्लासगो येथे या कलमाचा वेगळा अर्थ लावला. तो म्हणाला की हे कलम गुलाम राज्यांवर लादलेले एक व्यंग आहे, कारण गुलामाला स्वतंत्र केले की राज्याला दोन-पंचमांश जादा मिळतात, म्हणजे कलम स्वातंत्र्याच्या बाजूने आमिष दाखवते. अंकगणित निर्दोष आहे. पण हे आमिष ७३ वर्षांत एकाही दाक्षिणात्य राज्याने घेतले नाही, यावरून त्या गणितात काय गृहीत धरायचे राहिले ते समजते. मालकांना जागा हव्या होत्या त्या गुलाम राखण्यासाठी. जागांसाठी गुलाम सोडणे म्हणजे विहीर वाचवण्यासाठी पाणी विकणे झाले असते.

यादवी युद्धाने ते काम केले आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तीन-पंचमांश पुसले. आता कर न भरणारे मूळ रहिवासी सोडून राज्यातील प्रत्येक व्यक्ती पूर्ण मोजायची. हरलेल्या दक्षिणेला याने आधीपेक्षा अधिक जागा मिळणार होत्या, म्हणून त्याच दुरुस्तीत पुस्ती जोडली की प्रौढ पुरुषांना मत नाकारणाऱ्या राज्याच्या जागा त्या प्रमाणात कापाव्यात. काही वर्षे तरी बेरीज आणि माणसे यांची गाठ पडली. साउथ कॅरोलायनात १८७० च्या खानेसुमारीनुसार ४,१५,८१४ काळे आणि २,८९,६६७ गोरे होते. त्या राज्यातून डिसेंबर १८७० मध्ये जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात आला, त्या गृहातला पहिला काळा सदस्य. तो १८३२ मध्ये जॉर्जटाउनला गुलाम म्हणून जन्मला होता. न्हावीकाम करणाऱ्या बापाने पुढे कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले. जन्माच्या वेळी तो ‘इतर सर्व व्यक्तीं’पैकी एक होता आणि दुसऱ्या कोणाच्या तरी खुर्चीचा अंश होता. रेनी सभागृहात असतानाच, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली ज्यांनी नीग्रोंना दास्यातून मुक्त करण्याचे औदार्य दाखवले. अर्पणपत्रिका लिहिली गेली त्या वर्षी ती खरी होती.

नातीला मी हे सगळे सांगितले नाही. तिच्या वहीत उत्तराला चार ओळींची जागा होती. तिने ‘साठ टक्के माणूस’ खोडले आणि लिहिले की मालकांना गुलाम पूर्ण मोजून हवे होते आणि त्यांना त्यांचे तीन-पंचमांश मिळाले. मग पेन्सिल चावत तिने विचारले, “मग पूर्ण मोजायला लागल्यावर सगळं ठीक झालं?” मी तिला साउथ कॅरोलायनाचाच ताळेबंद दाखवला. १८९० नंतर त्या राज्याला सात जागा होत्या आणि काळे लोक तिथे बहुसंख्य होते, सगळे पाच-पंचमांश मोजलेले. १८९५ मध्ये राज्याने नवी घटना करून वाचनाच्या आणि मालमत्तेच्या अटींनी त्यांचे मत काढून घेतले. जागा कापण्याची पुस्ती चौदाव्या दुरुस्तीत तशीच होती. ती एकदाही वापरली गेली नाही. त्या राज्याचा काळा प्रतिनिधी जॉर्ज मरे १८९७ मध्ये सभागृहातून बाहेर पडला, आणि त्यानंतरचा, जिम क्लायबर्न, आत आला १९९३ मध्ये. तिने वजाबाकी तोंडीच केली. हातचा लिहावा लागला नाही: शहाण्णव.